ताबा

सेलूच्या कोर्टात सव्वीस वर्षं बेलिफ होतो.
लोकांच्या दारांवर नोटिसा डकवल्या,
कुलपं तोडली, सामानाच्या याद्या केल्या:
बाज एक, घागरी दोन, शिलाई मशीन नादुरुस्त.
खाली दोन पंचांच्या सह्या, ताबा दिला.
त्या मला
ही वीतभर खार मोजत नाही.

आधी तिनं शेंगदाण्याचा डबा हेरला.
मग गाद्यांच्या उतरंडीतला कापूस.
मग कुशावर्ताच्या आईचं पातळ,
सगळं नाही, काठ तेवढा.
कुशावर्ता म्हणाली, "निवड चांगलीय भवानीची."

खिडक्यांना जाळी मारली.
पत्रा आणि भिंतीच्या मधल्या फटीत
चिंध्या, टायरचा तुकडा, वर सिमेंट.
डांबराच्या गोळ्या ठेवल्या कोपऱ्या-कोपऱ्यात,
मिरचीपूड भुरभुरली उंबऱ्यावर,
तिनं आम्ही दोघंच शिंकलो तीन दिवस.
ती समोरच्या लिंबावर शेपूट झटकत
चिक् चिक् चिक् चिक्
दुपारभर माझी उलटतपासणी घेत राहिली.

होळी झाली. वारा भट्टीतून यायला लागला.
मुस्तकीमला बोलावलं कूलरचं गवत बदलायला.
त्यानं मागची जाळी काढली
आणि हात तसाच हवेत धरून म्हणाला,
"चाचा, इकडं या. चपला काढून या."

गवतात कापूस.
कापसात पातळाचा काठ, हिरवा, जरीचा,
आणि काठावर तीन,
करंगळीएवढी, डोळे न उघडलेली,
अंगावर लव नाही अजून
पण पाठीवर रेघा उमटायला लागलेल्या,
कुणीतरी आधी रेघा आखून घ्याव्यात
आणि मजकूर नंतर लिहावा तशा.

"बाहेर ठेवू का?" मुस्तकीमनं विचारलं.
मी काही बोललो नाही.
सवयीनं तोंडात चतुःसीमा आल्या:
पूर्वेस पंखा.
पश्चिमेस लिंबाची फांदी, तिच्यावर आई, ओरडत.
दक्षिणेस पाण्याची मोटर, बंद.
उत्तरेस कुशावर्ता, पदर खोचून:
"हात तर लावून बघा."

जिंतूर रोडला एका घरी गेलो होतो, लई वर्षं झाली.
बाई एवढंच म्हणली, चुलीवर पिठलं आहे,
होऊ द्या.
पंच घाईत. ऊन चढत होतं.
मी घड्याळ बघून लिहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं.
पातेलं जंगम मालमत्तेत येतं.
पिठलं कशात येतं?
ती ओळ मी लिहिली नाही
आणि विचारलंही नाही कुणी.

तर, ह्या उन्हाळ्यात कूलर लागला नाही.
गोणपाट भिजवून दाराला टांगलं.
रात्री अंगणात बाजा टाकल्या, अंगावर ओलं धोतर,
ते कूस बदलायच्या आत वाळायचं.
बीडहून मेहुण्याचा फोन,
"दाजी, बेचाळीस डिग्रीत कूलर बंद ठेवायलेत,
डोकं ठिकाणावर आहे ना?"
म्हटलं, "स्टे आहे."
"कुणाचा?"
कुशावर्ता पापड उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

तिघंही बाहेर आली एका सकाळी,
मोटरीच्या वायरवरून, घसरत,
एक धीट, एक भित्रं,
एक मध्येच थांबून माझ्याकडं बघायलेलं.
मी हातातला पेपर हलवला नाही.

वैशाख सरता सरता गवत हलायचं थांबलं.
चार दिवस वाट पाहून जाळी काढली. रिकामं.
काठ मात्र होता, एका बाजूनं कुरतडलेला.
मुस्तकीमनं नवं गवत भरलं, कूलर सुरू केला,
पैसे घ्यायला विसरला की घेतले नाहीत, कळलं नाही.

कुशावर्तानं काठ दोन पाण्यानं धुतला,
दोरीवर घातला, वर दोन चिमटे.
दुपारी आम्ही गार हवेत झोपलो,
दारं लावून, जाळ्या तपासून.

संध्याकाळी दोरीवर
चिमटे होते.