सव्वादोन चौरस फूट

कन्नमवार नगरात, आमच्या बाथरूममध्ये,
नळाच्या बरोब्बर वर
बावीस वर्षं एक गीझर टांगलेला होता.
पंचवीस लिटरचा, पोट सुटलेला.
लग्नात कोणी आहेर केला की आम्हीच हप्त्यावर घेतला
यावर अजून एकमत नाही.

तापायला वीस मिनिटं घ्यायचा.
तेवढ्यात पोळ्या व्हायच्या, डबे भरून व्हायचे,
एखादं भांडण सुरू होऊन मिटायचंसुद्धा.
लाल दिवा गेला की विद्याधर आत.
मग मी.
मग निहार, उरलंसुरलं कोमट घेऊन,
आणि नववीपासून दर सकाळी आतून एक आवाज:
धप्प.
त्यामागून शिवी, अर्धी गिळलेली.

मी म्हणायचे, वाक जरा.
तो म्हणायचा, अजून किती?

घर दोनशे पंचाऐंशी फुटांचं.
पलंगाखाली पिठाचे डबे, डब्यांमागे सुटकेस,
सुटकेसमध्ये मखर, घडी घालून.
प्रत्येक वस्तू दुसरीच्या खाली नाहीतर आत.
माणसंही तशीच, थोडी दुमडून.

बदलू या, असं दर दिवाळीला ठरायचं.
मग फ्रीज बिघडायचा,
किंवा क्लासची फी यायची,
किंवा सोसायटी नव्या पाइपसाठी वर्गणी काढायची.

शेवटी मार्चमध्ये टाकीच गळली.
खालच्या मस्कारेन्हसबाई वर आल्या,
हातात पातेलं, पातेल्यात आमचंच पाणी.

तौफीक आला पार्कसाइटहून, पाना आणि एक पोरगा घेऊन.
पहिला बोल्ट निघाला.
दुसरा गंजून भिंतीचाच झाला होता.
गीझर खाली उतरला तेव्हा त्याच्या पोटातून
चहाच्या चोथ्यासारखं काही सांडलं,
आणि भिंतीवर राहिला एक उभा डाग,
पिस्त्याच्या रंगाचा.
आम्ही राहायला आलो तेव्हाचा रंग.
हे घर कधी हिरवं होतं
हे मी विसरलेच होते.

विद्याधरनं चौकटीला टेकून हिशेब केला:
फुटाला बावीस हजार, जागा सव्वादोन,
म्हणजे पन्नास हजारांच्या जागेत
बावीस वर्षं फुकट राहिला बेटा.
मी म्हटलं, हवेतली जागा कार्पेटमध्ये धरत नाहीत.
तो म्हणाला, मुंबईत हवाच तर विकतात.

भंगारवाल्यानं नऊशे दिले, आत तांबं निघालं म्हणून.

नवा तीन लिटरचा, शाळेच्या दप्तराएवढा,
दाराच्या वर, कोपऱ्यात चढला.
बटण दाबा, धार बारीक ठेवा, झालं.
रोज वीस मिनिटं आता माझ्याकडे उरतात
आणि मी ती ओट्यापाशी उभ्यानेच घालवते.
विद्याधर अजून गेटपासून माघारी फिरतो,
चार मजले चढून येतो,
बंद केलाय ना बघायला.

रिकाम्या जागेसाठी अर्ज आले.
फळी. वॉशिंग मशीन.
तौफीक म्हणाला, छोटं कपाट बसेल, आरशासकट.
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

गणपतीत निहार आला हैदराबादहून, चार दिवस.
मुद्दाम सांगितलं नव्हतं.
बटणही मीच लावलं.
कोथिंबीर निवडत बसले, कान आत.
बादली सरकली. पाणी पडत राहिलं.
धप्प आलं नाही.

बाहेर आला केस पुसत.
गीझर कुठाय?
काढला, मार्चमध्ये. तुला दिसलं नाही?
तो थांबला, टॉवेल डोक्यावरच.
निघताना दिसलं, म्हणाला.
आख्खी आंघोळ वाकूनच केली.

मग परत आत गेला, दार उघडं ठेवून,
आणि त्या हिरव्या डागासमोर
उभा राहिला सरळ.
टाचाही उचलून बघितल्या.

मी म्हटलं, मोदक गार होतायत.