गाठ सोडण्याआधी

गावडोंगरीच्या आरोग्य केंद्रात
मी तिचं नावच चुकीचं लिहिलं.
साळू वेळीपची शालू झाली,
वय अंदाजे पंचावन्न, पत्ता डोंगरावर.
कुठला डोंगर, ते विचारलं नाही;
बाहेर अजून एकोणीस जण खोकत होते.

मान खाली ठेवूनच म्हणालो, "गाठ सोडा."
मला म्हणायची होती लुगड्याची, खांद्यावरची देठली.
तिला वाटलं, काखेतली,
जिच्यापायी ती दोन ओहोळ ओलांडून आली होती.
"सुटता जाल्यार," ती म्हणाली,
"हांव हांगा कित्याक येतलीं?"

मिलाग्रीन सिस्टरला हसू आलं
आणि अर्ध्यातच गेलं.
मग मी लुगड्यावरूनच चाचपलं.
कडक. न हलणारी.

मी लातूरकडचा. वर्षभरात
"खंय दुखता" आणि "कितले दीस" एवढी कोंकणी जमवलेली,
उत्तरं कळायची नाहीत.
तिकडून येणारं सगळं बोलणं
मिलाग्रीनच्या तोंडून गाळून यायचं
चहासारखं, चोथा मागे ठेवून.
बांबोळीला जावं लागेल, म्हणालो, सुईने तपासतील.
ती खूप वेळ बोलली. हातवारे, एक लांब थांबा,
खिडकीबाहेरच्या रानाकडे हनुवटी.
सिस्टर म्हणाली, "नाही म्हणते."
मी कागदावर लिहिलं:
रुग्ण सहकार्य करत नाही.

दुपारी डबा उघडताना मिलाग्रीन म्हणाली,
"नाही असं ती म्हणालीच नव्हती, डॉक्टर.
तुम्ही घड्याळ बघत होता, मी आखूड केलं."
बांगड्याचे काटे एकेक बाजूला ठेवत
तिने मग चोथ्यातलं सांगितलं:
की नवें व्हायचंय, नवा तांदूळ देवाला दाखवल्याशिवाय
साळू घराबाहेर रात्र काढणार नाही;
की थोरली जाऊ अशीच बांबोळीला गेली होती,
तिथे कुणीतरी विचारलं, तुम्ही लोक अंघोळ करता का,
ती परतली आणि चार महिन्यांत गेली,
एकही गोळी न घेता, हट्टाने;
की देठली सोडायला हिची हरकत नाही,
पण ती स्वतः सोडील, पाठ करून,
आणि आधी कुणीतरी नीट विचारावं.

घास तोंडातच राहिला.

"नवें कधी?"
"सोळा दिवसांनी."
सोळा दिवस मी बोटांवर मोजले.
मग पुस्तकं आठवली. मग भीती, ती माझी एकट्याची.

शनिवारी रस्ता संपला तिथे स्कूटर लावली
आणि सिस्टरच्या मागून चढलो.
डोंगराला नाव होतं.
मी ते वहीत लिहिलं. इथे लिहीत नाही.

अंगणात तिने पाट दिला.
स्टेथोस्कोप पिशवीतून काढलाच नाही.
तिने विचारलं, तुझी आई कुठे असते, तिला कोण बघतं?
सांगेपर्यंत चहा गार झाला.
मग मी म्हणालो, सोळा दिवस थांबतो,
पण सतराव्या दिवशी?
तिने मुलाकडे पाहिलं,
मुलाने सोप्यावरच्या म्हाताऱ्या बुधवंताकडे,
बुधवंताने कौलांकडे.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
कागदावर लिहावं असं त्यात काही नव्हतं.

सतराव्या दिवशी ती आली,
पदरात कणंगां, अंगावर माती तशीच.
ती ओळ मी खोडली होती; खाडाखोड दिसत होती.
नाव दुरुस्त केलेलं तिला वाचून दाखवलं.
"बाय, देठली सोडाल? तुम्हाला चालेल तेव्हा."

मी भिंतीकडे वळलो.
भिंतीवर क्षयाचं पोस्टर,
त्यातला खोकणारा माणूस कोट घातलेला,
या डोंगरांत कधीच न आलेला.
मागे कापडाची सळसळ, सावकाश.
माझ्या मनगटावरच्या काट्यांशी
तिचा काही संबंध नव्हता.

"जालें," ती म्हणाली.