बेबी ऑफ हेमलता

भांडुपच्या प्रसूतिगृहात, दुसऱ्या मजल्यावर,
सकाळी साडेनऊला मी स्टेथोस्कोप मुठीत धरून बसते.
आधी तो कोमट व्हायला हवा.
गार धातू लागला की बाळ रडतं,
आणि रडत्या छातीतलं हृदय ऐकणं म्हणजे
मासळीबाजारात कुणाची कुजबूज ऐकणं.

चौदा पाळणे, चौदा मनगटांना पट्ट्या.
स्वतःचं नाव अजून कुणालाच नाही,
सगळी आपापल्या आईची:
बेबी ऑफ शाहजहाँ, बेबी ऑफ मंजुळा,
बेबी ऑफ हेमलता वैती.
मुलगी. वय एकतीस तास.

हृदय आधी, झोपेत आहे तोवर.
खिडकीबाहेर एलबीएसवर पाण्याचा टँकर मागे येतोय,
त्याचं गाणं थांबेपर्यंत थांबते.
मग ऐकते. लबडब, लबडब, मध्ये फुसफुस नाही.
आपल्या भाषेत टाळू दोन,
एक डोक्यावर, एक तोंडात.
पहिली बोटाखाली हळूच उडते,
दुसरी करंगळीने चाचपते, अखंड आहे,
आणि जीभ माझी करंगळी सोडत नाही,
तिला वाटतंय येईल दूध.
डोळ्यांत उजेड टाकला, दोन्हीकडून लाल उत्तर.
नाकाचा शेंडा दाबून सोडला:
हळदीचं बोट लागावं इतकं पिवळं. उद्या पुन्हा बघू.

कमरेखाली निळा डाग बघून आजी पुढे सरकली.
"मारलं का काय कुणी?"
"नाही हो, जन्माचा आहे. जाईल दोन-तीन वर्षांत."
"पाचवीला सटवाई येईल," आजी म्हणाली, "लिवायला."
मी म्हटलं, "त्याच्या आधी माझी पाळी असते."

जांघेत दोन्हीकडे नाडी,
पिसाखाली चिमणी असावी तशी.
मग गुडघे मुडपून मांड्या बाहेरच्या बाजूला.
उजवी उघडली, पुस्तकासारखी.
डावी
उघडता उघडता
बोटाला म्हणाली: टक्.

तो आवाज नव्हे. भालेराव सर सांगायचे,
कानाला ऐकू आलं तर ते दुसरंच काही.
हे मधल्या बोटालाच कळतं,
कडी कोयंड्यात बसावी तसं.
खात्रीसाठी पुन्हा एकदा, त्याहून सावकाश.
टक्.

हेमलता बाळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.
बारा वर्षं झाली, मला अजून चेहरा आवरता येत नाही.
"काय सापडलं?"
"डावा खुबा सैल आहे. वाटीतून गोळा निसटतो.
परळला सोनोग्राफी करू, बहुतेक पट्टा लागेल काही महिने.
आत्ता कळलं, ते बरं झालं."
"मालिशवाली हाय की आमची," आजी म्हणाली, "पाय वढून सरळ करंल."
"ओढायचं नाही. पाय जुळवून दुपट्यात आवळायचं नाही.
बेडकासारखे राहतायत ना, राहू द्या."

हेमलतानं मान हलवली.
मग तिची नजर खाली आली,
माझ्या डाव्या चपलेवर,
जिचा तळ उजवीपेक्षा पाऊण इंच जाड आहे.
लालबागचे हातणकर बनवून देतात, दर दोन वर्षांनी.
ती काही बोलली नाही.
मीच म्हटलं, "माझं चौथ्या वर्षी कळलं.
तोवर सगळे म्हणायचे, पोर ठुमकत चालते,
नाचरी होणार."

कुणी हसलं नाही. मला वाटलेलं, हसतील.

आजीनं वाकून दुपट्याची गाठ सोडली,
रात्री स्वतःच्या हातानं मारलेली, पक्की,
आणि दोन्ही पाय आपसूक वर आले,
पोटाशी,
जसे नऊ महिने होते.

चिठ्ठी लिहिली. तारीख, शिक्का.
शेवटचा रकाना: लघवी झाली का?
तो भरायची वेळ आली नाही,
बाही कोपरापर्यंत भिजली होती,
कोमट.