डावी बाही

दौलतगंजचं दुकान विकलं, तेव्हा
गजकच्या एका रिकाम्या डब्यात निघाली ही वही.
तुळशीराम निकुंभ, शिंपी, लष्कर ग्वाल्हेर.
आमचे पणजोबा.
सगळी मोडीत, आणि सगळी मापांची.
सनद नाही, वतन नाही, कुणाचा पराक्रम नाही.
छाती, कंबर, बाही, उंची.

ओजस फोन धरून उभा.
"आत्या, पान दाबून धर ना, सावली येऊन राहिली."
प्रत्येक फोटोत आलं माझं बोट,
कोपऱ्यात, नखासकट.

मोडी वाचणारं अ‍ॅप हुशार, पण घाईचं.
छातीला त्याने वाचलं जाती.
जाती बावीस, जाती एकतीस, जाती साडेचौतीस.
ओजस हसून हसून खाटेवर आडवा.
तसू म्हणजे काय, ते अ‍ॅपलाही ठाऊक नव्हतं, त्यालाही.
मी अंगठ्याचं पेर दाखवलं. साधारण एवढा.

एक नाव मात्र बरोबर वाचलं: ठकू.
खात्री एक्क्याण्णव टक्के.

दर दिवाळीला एक पान घरच्यांचं.
ठकूची उंची सव्वीस, मग अठ्ठावीस, मग साडेतीस,
आणि दर साली पुढे बारीक अक्षरात:
डावी बाही पाऊण तसू कमी.
का कमी, ते लिहिलेलं नाही.
पडली असेल कुठून, किंवा जन्मापासूनच.
शिंप्याला कारण लागत नाही,
कापड तेवढं कापलं की झालं.

संवत एकोणीसशे एकाहत्तर.
नाव लिहून ठेवलंय, सवयीने बहुतेक,
आणि पुढची सगळी ओळ कोरी.
तिथे अ‍ॅप म्हणालं: मजकूर आढळला नाही.

वंशवृक्षाला तारखा हव्या असतात.
मृत्यूच्या चौकटीत मी भरलं, एकाहत्तरच्या सुमारास.
तापाची साथ असेल, म्हटलं,
आणि आम्ही चहा घेतला.

मग जानेवारीत, बाडा धुक्यात बुडालेला,
बडोद्याहून कुणी हर्षल खैरनार.
*संभाव्य जुळणी.*
"आमच्या आजीची सासू. इंदिराबाई.
माहेर ग्वाल्हेरकडलं, शिंप्याचं. बाकी कोणाला माहीत नाय."
सोबत एक फोटो.

स्टुडिओतली खुर्ची, खुर्चीमागे उभी बाई,
नऊवारी, चेहरा जरा चिडका, आमच्यातल्या सगळ्यांसारखा.
मी दोन बोटांनी मोठा करत गेले.
उजवी बाही कोपरावर नीट थांबलेली.
डावी खाली उतरलेली,
कोपर झाकून, अंगठ्याच्या पेराएवढी.

ओजस म्हणाला, "फोटो उलटा तर नाही?"
शहाणा आहे.
नथ पाहिली. नथ डावीकडेच.

म्हणजे बडोद्याच्या शिंप्याने दोन्ही बाह्या
सारख्याच कापल्या. त्याची चूक नाही.
त्याला कुणी सांगितलंच नसेल.
नव्या नावाच्या, नव्या घरातल्या मुलीने
पहिल्याच दिवाळीला कसं म्हणावं,
माझा एक हात आखूड आहे?
आणि पुढे, एवढं बोलण्याइतकी ती जुनी झाली तेव्हा,
राहून गेलं असेल.

*या दोन व्यक्ती एकच आहेत का?*
अ‍ॅपने विचारलं. होय, नाही, सांगता येत नाही.
होय दाबलं. पुरावा मागितला.
जन्मदाखला, विवाह नोंद, शिलालेख, इतर.
इतरमध्ये टंकलं: डावी बाही.

मृत्यू पुसायला जास्त वेळ लागला.
दोनदा विचारतं ते, खात्री आहे ना म्हणून.

नंतर हर्षलला लिहिलं, झोपायच्या आधी,
वाटलं तसं, अर्धं हिंदीत:
तुमच्याकडे कुणाला तयार कपडे घेतले की
एक बाही दुमडावी लागते का?

बराच वेळ तो लिहीत होता, थांबत होता, लिहीत होता.
मग आलं:
"थांबा. आईला उठवतो."