गिरवणं

पहाटे चारला पत्रा कुरकुरतो.
उत्तरेचा वारा कापलेल्या गव्हाच्या
धसकटांवरून धूळ आणून टाकतो
अॅडलेडबाहेरच्या आमच्या शेडमध्ये.

एकशे बेचाळीस नंबर मान ताणून उभी.
तिच्या बरगड्यांत कुणीतरी
गंजलेलं बिजागर
उघडतं, मिटतं.

हा दमा आम्हीच दिला तिला.
गादीतल्या किड्यांची पूड, चिमूटभर,
वहीत तारीख टाकून.
दोन जिवांची ती,
आणि श्वास एकालाही पुरत नाही.

मी पोटावर प्रोब टेकवते.
राखाडी भुरभुरीत एक इवली छाती
हलते.
थांबते.
हलते.
हवा कुठेच नाही तिथे,
पाणीच आत, पाणीच बाहेर,
तरी ते श्वास गिरवतं.

डॉक्टर हॅलोरन म्हणतात, फुफ्फुसाच्या फुग्यांना
शेवटी शेवटी आतून एक लेप येतो,
साबणाच्या फेसासारखा,
म्हणून पहिल्या रडण्यानंतर ते मिटून चिकटत नाहीत.
आई धापत असेल, तर तो लेप कमी येतो का, उशिरा येतो का,
एवढंच विचारायचंय आपल्याला.

मला पोर्ट पिरीचं घर आठवतं, भट्टीच्या धुराड्याखालचं.
नुन्त्सिया मावशी म्हणाली, औषध बाळाला बाधतं,
आणि आईने तपकिरी पंप
पिठाच्या डब्यामागे सारला.
मग सात महिने खुर्चीत बसून झोपली,
उशा रचून, खिडकी उघडी टाकून.
माझ्यासाठी.
सहा आठवडे आधीच आले मी,
निळी,
काचेच्या पेटीत.

एकदा भांडी विसळताना, पाठमोरीच, तिनं विचारलं,
‘तुझा श्वास मी खाल्ला का गं?’
मी माझा पंप हलवत होते.
तोंडात धरला.
उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

परवा मला दोन रेघा दिसल्या.
सोमवारी सांगावंच लागेल,
मग मेंढ्यांजवळ फिरकू देणार नाहीत.
ओव्हरऑलच्या खिशात तपकिरी पंप आहे,
सकाळी दोन, रात्री दोन,
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, थांबवायचा नाही.
एकशे बेचाळीसला तो नाही.
ती दुसऱ्या गटात.

ती खोकते.
पडद्यावरची छाती थबकते.
मी मोजते, सात, आठ,
मोजताना माझाच श्वास धरलाय हे ध्यानात येतं,
सोडते.

नऊ.
ते पुन्हा गिरवायला लागतं.