एक मिनिट

रबाळ्याला गेटबाहेर ताडपत्री,
संपाचा सत्तेचाळिसावा दिवस.
मी म्हटलं, एक मिनिट कुणी बोलू नका,
इथली नुसती शांतता रेकॉर्ड करायचीय,
एडिटिंगला लागते.

तर सगळे उठून उभेच राहिले.
जनार्दन भोईरांनी टोपी काढली,
माना खाली गेल्या.
मागून कुणीतरी कुजबुजलं,
'कोण गेलं?'

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.
हेडफोनमध्ये बेलापूर रोडचा टँकर,
कुणाचा तरी दमा,
आणि पारसिकच्या उतारावर
एका शेळीच्या गळ्यातली घंटा.
अनुसया नंतर म्हणाली,
एकोणीस वर्षं प्रेसच्या दणक्यात
ही कधी ऐकूच आली नव्हती.

मिनिट संपलं. कुणी बसेना.
'झालं,' मी म्हटलं.
भोईर म्हणाले, 'एवढ्यात?
आमच्यात दोन मिनिटं असतात.'
मग तेवढंही रेकॉर्ड केलं.

आता रात्री फिल्म कापत बसतो.
पगाराचं विचारल्यावर
मॅनेजरसाहेब जिथे अडखळतात
तिथे कापलं की आवाजाला भोक पडतं.
दुसरं काही हाताशी नव्हतं,
गेटवरचीच शांतता लावली.

साहेब पाणी पितात, फाइल सरळ करतात.
बंद काचांच्या त्या गार केबिनमध्ये,
नीट कान दिला तर,
कुणाचा तरी दमा.