पत्ता

उलानबातरच्या आमच्या प्रवेश कार्यालयात
रात्री मी नसते, यंत्र असतं.
त्याला वाचता येत नाही. शब्द वेचता येतात,
लोकरीतले काटे वेचावेत तसे,
फक्त ते काटे ठेवतं, लोकर टाकून देतं.

दोनशे बारा उत्तरं. सगळी मीच लिहिलेली,
मागच्या हिवाळ्यात, हीटर बंद पडला तेव्हा,
हातमोजे घालून.
‘फी’ दिसली की सतरावं.
‘वसतिगृह’ दिसलं की चाळिसावं.
काहीच दिसलं नाही की शेवटचं:
माफ करा, वेगळ्या शब्दांत विचारा.

सकाळी नोंदी उघडते.
दोन वाजून सहा मिनिटं. ओदगेरेल नावाची मुलगी.
आमचं घर वर्षातून चारदा हलतं.
आता नदीपलीकडे आहोत, वसंतात नसू.
अर्जावर पत्ता कुठला लिहू?

‘पत्ता’ सापडला. नववं उत्तर, चोख, क्षणात:
तिसरा मजला, खोली ३०४, सोमवार ते शुक्रवार.

तिनं वेगळ्या शब्दांत विचारलं:
पत्र घोड्यावरून आणायला कोणीतरी जाईल,
पण कुठून आणायचं?
‘पत्र’. एकतिसावं. निवडपत्रं जूनअखेर मिळतील.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.
खाली यंत्राची नोंद: प्रश्न दोन, जुळले दोन.

खारा चहा निवतोय. मी तक्ता उघडते.
दोनशे तेरा.
‘पत्ता’शेजारी ‘हलतं’ लिहिते, ‘नदी’ लिहिते,
‘घर’ लिहून खोडते, ते कुठेही जुळेल.
उत्तराचा रकाना रिकामाच.

वीस वर्षांपूर्वी माझ्या अर्जावर
बाबांनी त्या जागी काय लिहिलं होतं,
विचारायला हवं.
त्यांच्याकडे आज रेंज असेल तर.